लोकापवादाची नवी चावडी

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी घरातील वडीलधारी माणसे मुलांना आजही बजावतात, "आज चंद्राकडे पाहू नका, खोटा आळ येईल." त्यामागची स्यमंतक मण्याची कथा सर्वांच्या कानावरून गेलेली असते, पण ती नीट वाचणारे थोडेच. सूर्याने सत्राजिताला दिलेला मणी श्रीकृष्णाने उग्रसेन राजासाठी मागितला होता आणि सत्राजिताने तो द्यायला नकार दिला होता. पुढे सत्राजिताचा भाऊ प्रसेन तो मणी गळ्यात घालून शिकारीला गेला आणि परतलाच नाही. सत्राजिताच्या तोंडून शब्द निघाला, की कृष्णानेच मण्यासाठी माझ्या भावाला मारले असावे. पुरावा नव्हता. होता तो फक्त तर्क. भागवतकार सांगतात की हे ऐकताच लोक एकमेकांच्या कानात कुजबुजू लागले. कोणी दरबारात उभे राहून आरोप केला नाही, कोणी प्रश्न विचारला नाही. द्वारकेत या कानाचे त्या कानाला होत गेले, एवढेच.

आणि भगवंताने काय केले? तो रागावला नाही, त्याने कोणाला शिक्षा केली नाही. नगरातील माणसे साक्षीला घेऊन तो अरण्यात गेला. प्रसेन आणि त्याचा घोडा मरून पडलेले दिसले, पुढे सिंहाचा माग लागला, सिंहही मेलेला आढळला, आणि माग जांबवंताच्या गुहेपाशी थांबला. कृष्ण एकटा आत गेला. बाहेरची माणसे बारा दिवस थांबली आणि परत गेली. आत अठ्ठावीस दिवस युद्ध चालले. जो गीता सांगणार होता, त्यालासुद्धा एक कुजबुज खोटी ठरवण्यासाठी महिनाभर अंधाऱ्या गुहेत झुंजावे लागले! मणी मिळाल्यावर त्याने सत्राजिताला एकांतात बोलावले नाही. राजासमोर, भर सभेत बोलावले, मणी कसा मिळाला ते सांगितले आणि त्याच्या हाती ठेवला. सत्राजिताने मान खाली घातली. ज्या नगरात आळ पसरला, त्या नगराच्या सभेतच तो पुसला गेला, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

ज्याला आज 'कॅन्सल कल्चर' असे विलायती नाव मिळाले आहे, त्याला मराठीत फार जुना शब्द आहे: वाळीत टाकणे. रोटी बंद, बेटी बंद, विहिरीचे पाणी बंद, मर्तिकाला खांदा द्यायला कोणी नाही. ज्यांच्या घराने हे सोसले, त्यांच्या तिसऱ्या पिढीपर्यंत त्याचा चटका राहतो. जुनी चावडी पवित्र होती असे म्हणण्यात अर्थ नाही. तिने कितीतरी निरपराधांना, त्यातही स्त्रियांना, देशोधडीला लावले. म्हणून तर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, २०१७ मध्ये तो अमलात आला, आणि तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अशी शिक्षा त्यात ठरवली गेली. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. मात्र त्या कायद्याच्या डोळ्यांसमोर जातपंचायत होती. तिला पंच असतात, त्यांना नावे असतात, पत्ते असतात, पोलिसांना ते सापडतात. खिशातल्या भ्रमणध्वनीत भरणाऱ्या चावडीला पंच नाहीत. तिथे आरोप करणाऱ्याला चेहरा नसतो, निवाडा करणाऱ्याला जबाबदारी नसते आणि आरोपीला तर बोलावणेच धाडलेले नसते. बहुधा तो झोपेतून उठतो, तेव्हा त्याचा निकाल लागून गेलेला असतो.

हे पाप केवळ अंतर्जालाचे आहे असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. वृत्तपत्रसृष्टीने आधी ती वाट पाडली. १९९४ सालच्या नोव्हेंबरअखेर केरळ पोलिसांनी 'इस्रो'चे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना अटक केली. अग्निबाणाचे गुपित परदेशाला विकल्याचा आरोप! मालदीवच्या दोन स्त्रिया, पैसा, हेरगिरी. वाचकाला खिळवून ठेवणारा सगळा मसाला त्यात होता, आणि केरळातील वृत्तपत्रांनी महिनेच्या महिने तो वाढला. द्रवरूप इंधनावर चालणारी इंजिने या देशाला मिळावीत म्हणून ज्याने आयुष्य वेचले, तो रातोरात देशद्रोही ठरला. पन्नास दिवस कोठडी. १९९६ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने (सीबीआय) प्रकरणात तथ्य नसल्याचे सांगितले, १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले, तरी भरपाईचा निकाल यायला १४ सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले. पन्नास लाख रुपये. पुढच्याच वर्षी पद्मभूषण. चोवीस वर्षे गेली होती. त्यांच्याबरोबर गोवले गेलेले के. चंद्रशेखर यांच्यापर्यंत तो निकाल पोहोचलाच नाही. त्याच सुमारास त्यांची शुद्ध हरपली आणि ते गेले. पहिल्या पानावर आठ स्तंभी मथळा देणाऱ्यांपैकी कितीजणांनी तेवढ्याच जागेत खुलासा छापला, याचा हिशेब पत्रकारितेने अजून दिलेला नाही.

तेव्हा बातमी छापायला निदान एक रात्र लागत असे. उपसंपादक असे, मुद्रितशोधक असे, कोणीतरी विचारण्याची शक्यता असे की हे कोणी सांगितले? ती रात्रही आता उरलेली नाही. ती नाहीशी झाली तर काय होते, हे अमेरिकेतील एका भारतीय वंशाच्या कुटुंबाने सोसले. त्यांच्या दुःखाचा मान राखून येथे नाव घेतलेले नाही.

बावीस वर्षांचा मुलगा. ऱ्होड आयलंड राज्यातील ब्राऊन विद्यापीठाचा विद्यार्थी. मन खचल्यामुळे त्याने शिक्षणातून काही काळ सुटी घेतली होती. १६ मार्च २०१३ रोजी तो राहत्या घरातून बाहेर पडला आणि परतला नाही. आई-वडील, बहीण, भाऊ सगळी कामे टाकून त्या शहरात येऊन राहिले. त्यांनी फेसबुकवर त्याच्या शोधासाठी पान उघडले. त्यावर त्याची छायाचित्रे, घरच्यांचे निरोप, परत ये अशी विनवणी. महिना असा गेला. १५ एप्रिलला बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत दोन बॉम्बस्फोट झाले. तीन जण ठार, अडीचशेहून अधिक जखमी. १८ एप्रिलला तपास यंत्रणेने दोन संशयितांची अस्पष्ट छायाचित्रे प्रसिद्ध केली. 'रेडिट' नावाच्या संकेतस्थळावर हौशी मंडळींनी आधीपासूनच आपला स्वतंत्र तपास मांडला होता. कोणाला तरी वाटले की या हरवलेल्या मुलाचे नाक-डोळे संशयितासारखे दिसतात. झाले! तो सावळा आहे, तो बेपत्ता आहे, एवढ्या दोन आधारांवर निकाल तयार झाला.

त्या रात्री काय झाले असेल, याची कल्पना ज्या घरातील माणूस हरवले आहे त्यालाच येईल. ज्या पानावर महिनाभर सहानुभूतीचे चार शब्द येत होते, त्याच पानावर शिव्या आणि धमक्या कोसळू लागल्या. घरच्यांनी ते पान तात्पुरते बंद केले. तर त्याचाच पुरावा करण्यात आला: पाहा, पान लपवले, म्हणजे काहीतरी आहेच! मध्यरात्रीनंतर कोणीतरी लिहिले की पोलिसांच्या बिनतारी संदेशांत त्याचे नाव ऐकू आले. ते खोटे होते, पण नामांकित पत्रकारांनीही ते पुढे ढकलले. वाहिन्यांचे दूरध्वनी रात्रभर त्या घरी खणखणत राहिले. पहाटे खऱ्या संशयितांची नावे बाहेर आली. ते चेचन वंशाचे दोघे भाऊ होते. गर्दी जशी आली तशी पांगली. काहींनी आपली वाक्ये पुसून टाकली. संकेतस्थळाच्या व्यवस्थापकांनी कुटुंबाची जाहीर क्षमा मागितली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

२३ एप्रिलला त्या शहरातील नदीत एक मृतदेह सापडला. दोन दिवसांनी दातांच्या नोंदीवरून ओळख पटली. तो मुलगा स्फोटांच्या आधीच हे जग सोडून गेला होता. ज्या रात्री लाखो लोक त्याला पकडायला निघाले होते, त्या रात्री तो जिवंतच नव्हता.

त्याच आठवड्यात न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने पहिल्या पानावर आणखी दोघांचे छायाचित्र छापले होते, पिशव्या घेतलेल्या दोन प्रेक्षकांचे. त्यातला एक सतरा वर्षांचा शाळकरी धावपटू होता. तोही निर्दोष.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर फार मागे जावे लागत नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतील एका चौकात सिग्नलपाशी एक तरुण आणि एक तरुणी यांच्यात वाद झाला. तरुणीने त्याचे छायाचित्र काढून फेसबुकवर टाकले आणि त्याने अश्लील शब्द वापरल्याचे लिहिले. काही तासांत ते देशभर गेले. तरुणाला अटक झाली. वाहिन्यांवरील निवेदकांनी त्याला विकृत ठरवले, मुख्यमंत्र्यांनी तरुणीच्या धैर्याचे कौतुक केले. तो प्रसंग पाहणारा एक माणूस वेगळेच सांगत होता. पण त्याचे ऐकण्याइतका वेळ कोणाला होता? तरुणाची नोकरी गेली. दुसरी मिळेना, नाव टाईप केले की तेच छायाचित्र पुढे येई. दिल्लीबाहेर जायचे तर आधी पोलिसांना कळवावे लागे, असे त्याने नंतर सांगितले. तक्रारदार अनेक तारखांना न्यायालयात आलीच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो निर्दोष सुटला. चार वर्षे. पंचविशी-तिशीतली चार वर्षे म्हणजे काय, हे या सभागृहातल्या प्रत्येक आई-वडिलांना ठाऊक आहे. नोकरी, लग्न, घर, सगळे त्याच चार वर्षांत बसायचे असते.

आता एक बाजू स्पष्ट मांडली पाहिजे, नाहीतर या बोलण्याचा विपर्यास होईल. आपल्या समाजात स्त्रीला छळाविरुद्ध तोंड उघडणे सोपे नव्हते आणि आजही नाही. अनेकींना कार्यालयात कोणी ऐकले नाही, पोलीस ठाण्यात ऐकले नाही, म्हणून त्यांनी २०१७-१८ च्या सुमारास या माध्यमाचा आधार घेतला, आणि त्यातून काही मोठी माणसे उघडी पडली. ते योग्यच झाले. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली जो कायदा झाला, त्याने मात्र एक शहाणपण दाखवले आहे. चौकशी चालू असताना तक्रार करणारी आणि ज्याच्यावर तक्रार आहे तो, दोघांचीही नावे प्रसिद्ध करण्यास त्याने मनाई केली. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास कारवाई आहे, पण केवळ तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी धरू नये, हेही त्यात लिहिले आहे. इतका नाजूक तोल कायद्याने सांभाळला आहे. अंतर्जालावरील जमावाला तो सांभाळायचाच नसतो. आणि प्रत्येक खोट्या आरोपाची किंमत शेवटी जिचे दुःख खरे आहे तिलाच मोजावी लागते. लोक तिच्याकडेही संशयाने पाहू लागतात.

साफ खोटा आरोप निदान कधीतरी उघडा पडतो. अर्धे सत्य अधिक काळ टिकते. कुरुक्षेत्रावर द्रोणाचार्यांना शस्त्राने कोणी जिंकले नव्हते. 'नरो वा कुंजरो वा' यातला उत्तरार्ध शंखध्वनीत बुडाला आणि त्यांनी धनुष्य खाली ठेवले. टिम हंट या इंग्लिश शास्त्रज्ञाचे असेच झाले. पेशींचे विभाजन कसे नियंत्रित होते याच्या शोधासाठी त्यांना २००१ चे नोबेल विभागून मिळाले होते. जून २०१५ मध्ये दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल येथे एका परिषदेच्या भोजनप्रसंगी ते दोन शब्द बोलले. प्रयोगशाळेत मुली असल्या की प्रेमप्रकरणे होतात आणि टीका केली की त्या रडतात, अशा आशयाचा विनोद त्यांनी केला. विनोद वाईट होता, यात शंका नाही. त्यांनी नंतर क्षमाही मागितली, तीही अवघडलेल्या शब्दांत, त्यामुळे ती उलटलीच. परंतु तेथे हजर असलेल्या एका युरोपीय अधिकाऱ्याच्या टिपणातून पुढे असे समोर आले, की हंट त्यानंतर "आता गंभीरपणे" म्हणून स्त्री-शास्त्रज्ञांचे महत्त्व सांगू लागले होते. तो उत्तरार्ध ट्विटरच्या शंखध्वनीत बुडाला होता. दोनच दिवसांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील मानद प्राध्यापकपद गेले. त्यांची पत्नी मेरी कॉलिन्स त्याच संस्थेत प्राध्यापक होत्या. पतीने राजीनामा द्यावा हा निरोप संस्थेने त्यांच्याकरवीच दिला, असे या दांपत्याने सांगितले. संस्थेने त्यांची बाजू ऐकण्याची तसदीसुद्धा घेतली नाही, ही हंट यांची तक्रार होती. ज्यांनी शिक्षा दिली ती माणसे सुशिक्षित होती, विद्यापीठे चालवणारी होती. जमाव अडाण्यांचाच असतो, हा भ्रम यामुळे दूर व्हावा.

येथवर ऐकताना कदाचित सर्वांना बरे वाटले असेल. दोष परदेशी संकेतस्थळांचा, वाहिन्यांचा, विद्यापीठांचा. पण सज्जनहो, ही चावडी आपल्याही खिशात आहे.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले राईनपाडा गाव. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढ्याकडचे पाच जण भिक्षेसाठी तेथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश कित्येक दिवस व्हॉट्सअॅपवरून फिरत होते. पाच अनोळखी माणसे दिसली आणि संशय पुरेसा झाला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारण्यात आले. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी गावोगाव नाथांची गाणी गाऊन पोट भरले, ज्यांच्या झोळीत आपल्या आज्या-पणज्यांनी पसाभर धान्य घातले, ते हे लोक. त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर मुळात कराचीतील संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तेवढा भाग कोणीतरी कापला होता. ती पुढे पाठवणारे दुष्ट नव्हते. बहुतेक आया होत्या, आजोबा होते, काळजीपोटी पाठवत होते. 'आला तसा पाठवला' एवढेच त्यांचे म्हणणे. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन घातले.

दोन वर्षे होण्याआधीच, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हाती सापडले. टाळेबंदीत ते अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. चोर आले, मुले पळवणारे आले, अशा अफवा त्या भागात आधीच पेटल्या होत्या. पोलीस समोर असताना तिघांचेही प्राण गेले. त्या वृद्ध साधूचा शेवटचा चेहरा ज्यांनी पाहिला, ते तो विसरू शकलेले नाहीत. त्या रात्री आपण सगळे हळहळलो, संतापलो, आणि ते स्वाभाविकच होते. मात्र त्यानंतरच्या दिवसांत आपल्यापैकीच काहींनी कोणाकोणाची नावे आणि छायाचित्रे 'हाच तो' म्हणून पुढे पाठवली, हेही आठवून पाहावे. अफवेने घेतलेल्या बळींचा शोक करताना आपण नव्या अफवेचे वाहक झालो. विरोधकावरचा आरोप आपल्याला तपासावासा वाटत नाही, कारण तो खरा असावा अशी आपली इच्छा असते. सत्राजिताचेही तसेच झाले होते. मणी मागणारा कृष्णच, मग मारणाराही तोच असणार!

कायदा आहे. अब्रूनुकसानीचा गुन्हा पूर्वी दंडविधानाच्या कलम ४९९-५०० खाली होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आला. माणसाची प्रतिष्ठा हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले आहे. पण मध्यमवर्गीय माणसाने दावा लावायचा कोणावर? चाळीस हजार अनोळखी माणसांवर? वकिलाची फी, तारखा, रजा, आणि प्रत्येक तारखेला तीच घाण पुन्हा उगाळणे. बहुतेक कुटुंबे गप्प बसतात, गाव बदलतात, मुलांची शाळा बदलतात.

म्हणून स्यमंतकाच्या कथेतली ती सभा पुन्हा आठवते. ज्या गटात आपण आरोप पुढे पाठवला, त्याच गटात, तितक्याच ठळकपणे, आपल्या नावानिशी खुलासा पाठवणे एवढे तरी आपल्या हातात आहे. मान थोडी खाली जाईल. सत्राजिताचीही गेली होती. दिल्लीच्या त्या तरुणाचे छायाचित्र २०१५ मध्ये या सभागृहातल्या काहींच्याही भ्रमणध्वनीवर आले असेल आणि काहींनी ते संतापून पुढेही पाठवले असेल. आज घरी गेल्यावर ज्यांना पाठवले त्यांची नावे आठवून पाहावीत. त्यांतल्या पुष्कळांना तो २०१९ मध्ये सुटला हे अजून माहीत नसेल.